पिचर रंगात असताना मॅनेजर त्याला का काढतो?

२७ ऑक्टोबर २०२० च्या रात्री टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे वर्ल्ड सीरिजचा, सहावा सामना चालू होता. टॅम्पा बे रेज हा संघ लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे होता आणि त्याचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, ब्लेक स्नेल याला कोणाचीच बॅट लागत नव्हती. ७३ चेंडूंत त्याने नऊ फलंदाजांना स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात खेळू न देताच बाद) केले होते आणि एकालाही वॉक दिला नव्हता, म्हणजे चार चेंडू भलतीकडे टाकून फुकटचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, दिला नव्हता. डॉजर्सच्या क्रमातील पहिले तिघे, मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, प्रत्येकी दोनदा त्याच्यासमोर आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परतले. सहाव्या इनिंगमध्ये, म्हणजे नऊपैकी सहाव्या डावात, एक गडी बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने एक साधी हिट, म्हणजे पहिल्या बेसवर पोहोचवणारा फटका, मारली. स्नेलविरुद्धची ती अवघी दुसरी हिट होती. तेवढ्यावर मॅनेजर केविन कॅश मैदानात चालत आले आणि त्यांनी स्नेलला थांबवले.

त्याच्या जागी आलेल्या निक अँडरसनला बेट्सने पहिल्याच भेटीत डबल, म्हणजे दोन बेस मिळवून देणारी हिट, मारली. नंतर एक चेंडू सैल सुटला आणि बार्न्सने बरोबरीची धाव घेतली. सीगरच्या पहिल्या बेसकडे गेलेल्या जमिनीलगतच्या फटक्यावर बेट्सही धावून आला. डॉजर्सनी सामना ३-१ ने जिंकला आणि १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. रेजच्या चाहत्यांच्या मनातून ती रात्र अजून गेलेली नाही, आणि जायचे कारणही नाही. मात्र त्या रात्रीचा राग नेमका कशावर असायला हवा, हे समजून घ्यायचे असेल तर बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कोण, त्याच्या हाती काय असते आणि त्यातल्या कोणत्या गोष्टीने खरोखर फरक पडतो, हे पाहावे लागते.

क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलण्याचा निर्णय मैदानावरचा कर्णधार घेतो, आणि थांबवलेला गोलंदाज चार षटकांनी पुन्हा येऊ शकतो. बेसबॉलमध्ये हा अधिकार मैदानाबाहेर, डगआउटमध्ये बसलेल्या मॅनेजरकडे असतो. सामन्याआधी तो नऊ फलंदाजांचा क्रम लिहून देतो. तो क्रम संपूर्ण सामनाभर चक्राकार चालतो, नववा झाला की पुन्हा पहिला. क्रमात अदलाबदल करता येत नाही. सामन्यातून एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बेसबॉलमधला बराचसा संताप या शेवटच्या नियमातून जन्मतो, कारण येथे पिचर काढणे म्हणजे त्या दिवसापुरते एक दार कायमचे बंद करणे असते. त्यातून हा खेळ संथ आहे. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात प्रेक्षकाला विचार करायला पुरेशी सवड मिळते, आणि मॅनेजर डगआउटमधून निघून पिचरपाशी पोहोचेपर्यंत स्टेडियममधल्या प्रत्येकाने स्वतःचा निर्णय घेतलेला असतो.

हंगामभर सर्वांत जास्त वाद घातला जातो तो फलंदाजीच्या क्रमावर. परंपरेने ठरलेला क्रम असा: पहिला वेगवान, बेस चोरणारा, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठणारा; दुसरा हमखास बॅट लावणारा; तिसरा संघातील सर्वांत उत्तम फलंदाज; चौथा ताकदीने होम रन मारणारा, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारा. पुढची पाच स्थाने उतरत्या भाजणीने. या साच्यात लहानाचे मोठे झालेल्या चाहत्याला कागदावर वेगळे काही दिसले की मॅनेजरला खेळ कळत नाही असे वाटू लागते.

क्रमातील स्थानाचा खरा परिणाम किती, हे साध्या भागाकाराने कळते. सामना संपताना शेवटचा फलंदाज नऊपैकी कोणत्याही क्रमांकाचा असू शकतो. त्यामुळे एखादा खेळाडू एका स्थानाने खाली सरकला की त्याची सामन्यामागे सरासरी एक नवमांश संधी कमी होते. हंगामात १६२ सामने असतात. १६२ भागिले ९ म्हणजे १८. वर्षभर नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला सहाशे ते सातशे वेळा फलंदाजी मिळते, आणि तिसऱ्याऐवजी चौथ्या क्रमांकावर खेळवल्याने त्यातल्या सुमारे १८ संधी जातात. इतक्या संधींत चांगला फलंदाज सामान्य फलंदाजापेक्षा जेमतेम एखाद-दुसरी धाव अधिक मिळवून देतो. सगळी नऊ स्थाने हिशेबाने उत्तम लावली, तरी नेहमीच्या समंजस क्रमाच्या तुलनेत वर्षाला दहा-पंधरा धावांपलीकडे फायदा होत नाही, असे आकडेवारीच्या अभ्यासकांचे साधारण मत आहे. आणि ढोबळ मानाने दहा धावांमागे एक विजय धरला जातो. १६२ सामन्यांत एक विजय, कधी दीड. काही वर्षी तेवढ्याने बाद फेरीतली जागा हुकते, म्हणून त्याला शून्य म्हणता येणार नाही, पण रोज संध्याकाळी ज्या तीव्रतेने यावर भांडण होते त्या मानाने तो फारच थोडा आहे.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये सलग पराभवांना कंटाळून डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि ज्या क्रमाने त्या निघाल्या त्या क्रमाने संघ उतरवला. टायगर्स तो सामना जिंकले. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही हे खरेच, पण चिठ्ठ्या टाकूनही नऊ चांगले खेळाडू चांगलेच राहतात, हे त्यातून दिसते.

तरीही चाहता क्रमाकडे इतक्या गांभीर्याने का पाहतो, याचे कारण मला आकड्यांबाहेर दिसते. क्रम हा मानाचा विषय आहे. पंगतीत वाढले जाणारे अन्न सर्वांना सारखेच असले तरी मानाचे पान कोणाला दिले याकडे सर्वांचे लक्ष असते, तसेच हे आहे. २००६ मध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतील चौथ्या सामन्यात न्यू यॉर्क यांकीजचे मॅनेजर जो टॉरी यांनी अॅलेक्स रॉड्रिग्ज याला आठव्या क्रमांकावर ठेवले. आदल्याच वर्षी तो देशातील दोन प्रमुख लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला होता. त्या दिवशी स्थान बदलल्याने त्याची फार तर एखादी संधी कमी झाली असेल, पण साऱ्या देशासमोर त्याला पंक्तीच्या टोकाला बसवले गेले होते. यांकीज हरले आणि मालिकेतून बाहेर पडले. २०१९ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात महेंद्रसिंह धोनीला सातव्या क्रमांकावर पाठवल्यावर आपल्याकडे जी चर्चा झाली, ती आठवली तर हा सल मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

परंपरेचा साचा मोडणारा क्रम बरोबर कसा असू शकतो, याचे उत्तम उदाहरण फिलाडेल्फिया फिलीजच्या काइल श्वार्बरचे आहे. २०२३ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी होती .१९७, म्हणजे पाच अधिकृत संधींत धड एक हिटसुद्धा नाही, आणि तो तब्बल २१५ वेळा स्ट्राइकआउट झाला. देहाने आडवा, पायाने संथ. असा खेळाडू मॅनेजर रॉब थॉमसन पहिल्या क्रमांकावर पाठवत होते, आणि ते पाहून अनेक जुने चाहते हैराण होत होते. पण सरासरीच्या हिशेबात वॉक धरलेच जात नाहीत, आणि श्वार्बरने त्या वर्षी १२६ वॉक मिळवले. ते धरले की तो शंभरातून ३४ वेळा बेसवर पोहोचत होता, जे लीगच्या सरासरीपेक्षा जास्त होते. शिवाय त्याने ४७ होम रन मारले. पहिल्या क्रमांकाच्या फलंदाजाचे मुख्य काम बाद न होणे हे आहे. ज्याला या स्थानाचा आदर्श मानले जाते त्या रिकी हेंडरसनचे १,४०६ चोरलेले बेस सर्वांना पाठ असतात, पण त्याने २,१९० वॉकही मिळवले होते आणि त्याचे बेसवर पोहोचण्याचे प्रमाण .४०१ होते, हे क्वचितच सांगितले जाते. म्हणजे हेंडरसन आणि श्वार्बर यांच्यात जे साम्य आहे तेच या स्थानासाठी महत्त्वाचे होते. डोळ्याला फक्त वेगातला फरक दिसत राहिला. श्वार्बरच्या आधी क्रमाच्या तळाचे फलंदाज येत असल्याने त्याच्या होम रनच्या वेळी बेस बऱ्याचदा रिकामे असत, हा चाहत्यांचा आक्षेप मात्र खरा होता. तो पहिल्या इनिंगपुरता पूर्ण लागू पडतो आणि पुढे सौम्य होत जातो.

दुसरी नेहमीची तक्रार अशी: काल दोन हिट मारणारा आज बाकावर का? याची दोन उत्तरे असतात. पहिले हाताचे. डावखुऱ्या पिचरचा वळणारा चेंडू डावखुऱ्या फलंदाजापासून दूर जातो आणि उजव्या फलंदाजाच्या अंगावर येतो. म्हणून बहुतेक फलंदाज विरुद्ध हाताच्या पिचरसमोर अधिक यशस्वी होतात, आणि मॅनेजर समोरच्या पिचरचा हात पाहून संघ बदलतो. दुसरे उत्तर पचायला अवघड आहे. .३०० सरासरीचा खेळाडू उत्कृष्ट मानला जातो आणि .२५० सरासरीचा सामान्य, पण ४० संधींत, म्हणजे दहा-बारा दिवसांच्या खेळात, या दोघांमधला फरक १२ हिट आणि १० हिट इतकाच असतो. दोन फटके क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटले की सामान्य खेळाडू उत्कृष्ट दिसू लागतो. आठवडाभराचा सूर पाहून संघ निवडणारा मॅनेजर बहुतेक वेळा नशिबाच्या मागे धावत असतो. रोज सामना पाहणाऱ्याला हे मान्य होणे कठीण असते, कारण त्याने ते दोन फटके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात.

विश्रांतीचा मुद्दा याहून साधा आहे. साधारण सहा महिन्यांत १६२ सामने, त्यात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विमानप्रवास, आणि संघात २६ खेळाडू. कॅल रिपकेन २,६३२ सामने सलग खेळला आणि १९९८ मध्ये स्वतःच्या इच्छेने थांबला. ती अपवादात्मक गोष्ट होती, म्हणून तर तिचे कौतुक झाले. मात्र एखादे कुटुंब आपल्या आवडत्या खेळाडूला पाहायला महिनाभर आधी तिकिटे काढून तीनशे किलोमीटर गाडी चालवत येते आणि नेमका त्या दिवशी तो बाकावर बसलेला असतो, तेव्हा त्यांचा हिरमोड अगदी रास्त आहे. कोणत्याही आकडेवारीने त्याची भरपाई होत नाही.

आता पिचरकडे वळू, कारण मॅनेजरच्या निर्णयाने सामना खरोखर फिरतो तो येथे. फलंदाजांचा एक फेरा पूर्ण होऊन दुसरा आणि मग तिसरा सुरू झाला की सुरुवातीचा पिचर हळूहळू कमकुवत ठरतो, हे अनेक दशकांच्या आकड्यांत दिसते. हात थकतो हे एक कारण आहे, पण त्याहून मोठे कारण ओळख हे असावे. पहिल्या भेटीत फलंदाजाला चेंडू हातातून कसा सुटतो आणि किती वळतो याचा अंदाज नसतो. तिसऱ्या भेटीपर्यंत त्याने तो दहा-बारा वेळा पाहिलेला असतो. ही घसरण तिसऱ्या फेऱ्याच्या उंबरठ्यावर अचानक होते की उतारासारखी सावकाश, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु ती होते यावर फारसा वाद नाही.

हे तत्त्व न पाळल्याची शिक्षा १६ ऑक्टोबर २००३ रोजी बोस्टन रेड सॉक्सने भोगली. यांकी स्टेडियमवर अमेरिकन लीगच्या विजेतेपदाचा सातवा, निर्णायक सामना चालू होता. बोस्टन आठव्या इनिंगमध्ये ५-२ ने पुढे होते आणि त्यांचा श्रेष्ठ पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला होता. डेरेक जीटरची डबल आणि बर्नी विल्यम्सची हिट यानंतर मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात आले, पेड्रोशी बोलले आणि त्याला तसेच ठेवून परत गेले. त्या महिन्यात बोस्टनचे राखीव पिचर उत्तम चेंडू टाकत होते. हिदेकी मात्सुई आणि होर्खे पोसादा यांच्या फटक्यांनी सामना ५-५ झाला. पोसादाची हिट पेड्रोच्या १२३ व्या चेंडूवर आली. अकराव्या इनिंगमध्ये अॅरन बून या यांकी खेळाडूने होम रन मारून सामना संपवला. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

लिटल यांनी डोळ्यांवर आणि खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि ते दोषी ठरले. कॅश यांनी आकड्यांवर विश्वास ठेवला आणि तेही दोषी ठरले. या दोघांच्या शेजारी तिसरा सामना ठेवायला हवा. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वर्ल्ड सीरिजच्या तिसऱ्या सामन्यात अटलांटा ब्रेव्ह्जच्या इयन अँडरसनने पाच इनिंगमध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजला एकही हिट मिळू दिली नव्हती. त्याचे ७६ चेंडू झाले होते. मॅनेजर ब्रायन स्निटकर यांनी त्याला काढले. आकड्यांनी पाहिले तर हा कॅश यांच्या निर्णयाचा सख्खा भाऊ आहे, किंबहुना एकही हिट न दिलेल्या पिचरला काढणे हे अधिकच धाडसाचे होते. अटलांटा तो सामना २-० ने जिंकले, पुढे मालिकाही जिंकले, आणि आज त्या निर्णयाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

यातून निर्णयाचा कस आणि निकालाचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळते, पण म्हणून कॅश निर्दोष ठरतात असे मला वाटत नाही. त्यांची बाजू अशी होती की बेट्स आणि सीगर यांनी स्नेलला तिसऱ्यांदा पाहू नये. त्या हंगामात स्नेलने एकदाही पूर्ण सहा इनिंग टाकल्या नव्हत्या, आणि याच पद्धतीने खेळून रेजने कमी पैशांच्या संघासह ६० पैकी ४० सामने जिंकले होते. ही कारणे फुटकळ नाहीत. पण त्यांचा हिशेब अर्धाच होता. पिचर काढण्याचा निर्णय नेहमी दोन माणसांमधला असतो: जाणारा आणि येणारा. येणारा निक अँडरसन नियमित हंगामात अप्रतिम होता, पण त्या ऑक्टोबरमध्ये त्याने आधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. त्याचा हात पूर्वीसारखा राहिलेला नाही हे दिसत होते, आणि मोजूनही कळत होते. शिवाय तो उजव्या हाताचा, तर बेट्स त्या वर्षी डावखुऱ्या पिचरांसमोर चाचपडत होता. म्हणजे त्या रात्री चाहत्यांचा डोळा आणि नीट मांडलेला आकडा यांचे उत्तर एकच होते. माझा आक्षेप एवढाच आहे की स्नेलबद्दलचे सर्वसाधारण सत्य पाहिले गेले आणि अँडरसनबद्दलचे ताजे सत्य बाजूला राहिले.

चाहत्यांच्या रागाला आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सर्वांत न्याय्य वाटते. आजचा मॅनेजर एकटा निर्णय घेत नाही. संघाच्या कार्यालयात विश्लेषकांची तुकडी असते. कोणता फलंदाज कोणत्या पिचरसमोर, कोणता राखीव पिचर क्रमाच्या कोणत्या भागासाठी, याचे आराखडे सामन्याआधीच तयार होतात. मॅनेजरची नेमणूकच बऱ्याचदा हे आराखडे मैदानावर नीट राबवू शकणारा माणूस म्हणून झालेली असते. पण सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर बसतो तो एकटा मॅनेजर. तो संघातील कोणाचे दुखणे उघड करू शकत नाही, कारण उद्याचा प्रतिस्पर्धी ऐकत असतो. कोणा खेळाडूवरचा विश्वास उडाला आहे असेही बोलू शकत नाही. मग तो गुळमुळीत उत्तर देतो आणि वर्षानुवर्षे प्रेमाने संघामागे उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्याला मूर्ख समजले जात आहे असे वाटते. हरल्याचे दुःख चाहता सहन करतो. कारण न सांगता हरवले गेल्याची भावना त्याला सहन होत नाही.

२००३ मध्ये होम रन मारणारा तो अॅरन बून २०१८ पासून यांकीजचा मॅनेजर आहे, आणि न्यू यॉर्कमध्ये आज संघनिवडीवरून सर्वाधिक बोल त्यालाच लावले जातात. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी डॉजर्सविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्याच सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये बून यांनी महिनाभर दुखापतीमुळे न खेळलेल्या नेस्टर कोर्टेस याला आणले, तेव्हा त्या महिन्यात भरवशाचा ठरलेला डावखुरा टिम हिल उपलब्ध होता. कोर्टेसने शोहेई ओतानीला पहिल्या चेंडूवर बाद केले. बेट्सला मुद्दाम वॉक देण्यात आला. आणि फ्रेडी फ्रीमनने पुढच्याच चेंडूवर भरल्या बेसवर होम रन मारला. सामना संपला, ६-३. येथे मी चाहत्यांच्या बाजूने आहे, आणि हा चेंडू कोठे गेला यावरून नव्हे. इतक्या दिवसांच्या खंडानंतर परतणाऱ्या पिचरची परीक्षा त्या क्षणी पाहण्याचे कारण नव्हते.

ब्लेक स्नेल २०२० नंतर रेजमध्ये राहिला नाही. त्याच डिसेंबरात त्याला सॅन डिएगोला देण्यात आले, आणि पुढे तो त्याच डॉजर्सच्या संघात आला ज्यांनी तो सामना जिंकला होता. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मिलवॉकीत ब्रूअर्सविरुद्ध त्याने आठ इनिंगमध्ये अवघी एक हिट दिली, १० फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि क्रमातील फलंदाजांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा निरुत्तर केले. १०३ चेंडूंनंतर मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी, जे २०२० च्या त्या रात्री समोरच्या डगआउटमध्ये होते, त्याला नवव्या इनिंगसाठी पाठवले नाही. राखीव पिचरांनी एक धाव दिली, तिन्ही बेस भरले, आणि ब्रूअर्सचा ब्राइस टुरांग बॅट घेऊन उभा राहिला. ब्लेक ट्राइनेनने त्याला स्ट्राइकआउट केले आणि डॉजर्स २-१ ने जिंकले. स्नेलला का काढले, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी फारसा कोणी विचारला नाही.